फ्रेंच शातो दुरुस्तीला काढताय? या चुका टाळा

मुंबईतल्या बऱ्यापैकी फ्लॅटच्या पैशात फ्रान्सच्या एखाद्या खेड्यात वीस खोल्यांचा शातो, म्हणजे जुना सरदारी वाडा, मिळू शकतो, हे खरं आहे. किंमत इतकी कमी का, ते छपराकडे बघितलं की कळतं. नवे मालक मात्र झुंबराकडे बघत बसतात.

पहिले पैसे छपराऐवजी दिवाणखान्यावर घालणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. उदाहरण म्हणून पश्चिम फ्रान्समधला ला मोत-शांदनिए हा शातो बघा. 1932 मध्ये आग लागली, छप्पर गेलं आणि पुढे दालनांतच झाडं वाढली. 2017 मध्ये जगभरच्या 18 हजारांहून जास्त लोकांनी वर्गणी काढून 5 लाख युरोंना तो घेतला, तेव्हा हातात आल्या त्या उघड्या भिंती. आग विझली, पाऊस काही थांबला नाही. तुमच्याकडे एवढं व्हायलाही नको; सुटलेली चार स्लेटची कौलं आणि पानांनी तुंबलेली पन्हळ पुरते. घर घेण्याआधी एकदा भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा. भिंतीवर हिरवा पट्टा वरून खाली उतरलेला दिसला तर दोष पन्हळीचा. ओल जमिनीपासून कमरेपर्यंत चढली असेल, तर पायाशी साचणारं पाणी बघा.

दुसरी चूक सिमेंटची, आणि ती बहुधा आधीच्या मालकाने करून ठेवलेली असते. ल्वार नदीच्या खोऱ्यातले बरेच शातो तुफो नावाच्या मऊ, पांढरट चुनखडीचे आहेत. नखाने ओरखडा उठतो असा हा दगड. आत जवळजवळ निम्मी जागा बारीक छिद्रांची. भिंत ओल घेते आणि चुन्याच्या दर्जांवाटे, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांवाटे, ती सोडतेही. दर्जा सिमेंटने भरल्या की ही वाट बंद होते. मग पाणी दगडातूनच बाहेर पडू बघतं, क्षार पृष्ठभागाजवळ साचतात, थंडीत बर्फ धरतो आणि दगडाची साल पापडासारखी सुटते. ओळखायला सोपं: दर्जा जशाच्या तशा जाळीसारख्या पुढे आलेल्या, दगड आत झिजलेला. आपल्याकडे चुन्यातल्या जुन्या वाड्याला सिमेंटचा गिलावा केला की पोपडे धरतात, त्यातलाच हा प्रकार.

हे सिमेंट छिन्नी-हातोडीनेच काढा. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा कापल्या जातात आणि दर्जा कायमच्या रुंद होतात. चुना घेतानाही गफलत होते. हायड्रॉलिक चुन्याच्या, म्हणजे पाण्याने घट्ट होणाऱ्या चुन्याच्या, गोण्यांवर 2, 3.5 आणि 5 असे ताकदीचे आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, असं समजून लोक 5 उचलतात. तुफोला तो फार कडक. 2 किंवा साधा हवेत घट्ट होणारा चुना बरा. आधी भिंत भिजवा, आणि थंडीत हे काम काढूच नका. ओल्या चुन्यावर हिमकण पडले की सगळं भुगा.

लाकडाच्या तुळईवर पांढरा कापूस आणि विटकरी भुकटी दिसली, तर ती लाकूड कुजवणारी मेर्युल बुरशी असण्याची शक्यता मोठी. सडका भाग कापून नवं लाकूड जोडून भागत नाही, कारण तिचे तंतू दगडी भिंतीतूनही पलीकडे जातात. आधी ओल तोडायची, मग बाकीचं. घरात ती सापडली तर राहणाऱ्याने नगरपालिकेला कळवावं, असा कायदाच आहे.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष तर सर्रास होतं. शातो ऐतिहासिक स्मारक म्हणून ‘क्लासे’ (कडक संरक्षण) आहे की ‘अँस्क्री’ (त्याखालची पायरी), हे सहीआधी विचारा. क्लासे असेल तर परवानगीशिवाय जुन्या खिडकीलाही हात लावता येत नाही. आणि अनुदान हवं असेल तर मंजुरीआधी काम सुरू करू नका. उत्साहात पाडलेल्या एका भिंतीपायी सगळी मदत हातची जाऊ शकते. गवंड्याकडे दहा वर्षांच्या हमीचा विमा आहे ना, त्याचा कागदही कामाआधीच मागा.

पहिल्या हिवाळ्यात हीटिंग एकदम चढवू नका. वर्षानुवर्षं गार पडलेली लाकडी जमीन भराभर सुकते आणि फळ्या फाकतात. तापमान आठवड्याला थोडं थोडं वाढवा.

आणि पोटमाळ्यात वटवाघळं दिसली तर हाकलू नका. फ्रान्समध्ये त्यांच्या सगळ्या जातींना संरक्षण आहे, त्यामुळे छपराच्या कामाची तारीख त्यांच्या विणीचा आणि शीतनिद्रेचा काळ बघून ठरवावी लागते.