लॅमिनेशन केल्यावर फोटो खराब दिसतोय? आधी डाग नीट बघा

प्रिंट मस्त आलेली असते आणि लॅमिनेट केली की काळ्या, गडद निळ्या भागावर पांढुरकी साय धरल्यासारखं दिसतं, फार वाईट वाटतं तेव्हा. पण लगेच मशीनची सेटिंग बदलू नका, प्रिंट उजेडात तिरकी धरून जवळून बघा.

बारीक बारीक चंदेरी ठिपके दिसले तर वरच्या प्लास्टिक फिल्मचा गोंद नीट वितळलेला नाही आणि मधे हवा राहिलीये. टेंपरेचर थोडं वाढवा नाहीतर स्पीड कमी करा, तोच पाउच (एका कडेला जोडलेल्या दोन फिल्म, ज्यांच्या मधे प्रिंट ठेवतो) परत एकदा मशीनमधून काढला तरी बऱ्याचदा ठिपके जातात. फिल्मला लाटा आल्या असतील तर मात्र उष्णता जास्त झालीये, ती कमी करा. पाउच ८० मायक्रॉनचा आहे की १२५ चा ते पाकिटावर बघून सेटिंग लावा, जाड पाउचला जास्त उष्णता लागते.

मोठे फुगे आले तर आधी ओलीचा संशय घ्या. इंकजेटची प्रिंट हाताला कोरडी लागते पण शाई आत ओली असते, मी एकदा घाईत तासाभरात लॅमिनेट केली तर फोटोतल्या आकाशावर भाजल्यासारखे फोड आले आणि ती प्रिंट गेलीच. तेव्हापासून २४ तास मोकळी ठेवतेच. चकचकीत फोटो पेपर असेल तर त्याचा वरचा थर उष्णतेने फुगू शकतो, त्याला कोल्ड लॅमिनेशन, म्हणजे उष्णतेशिवाय नुसत्या दाबाने चिकटणारी फिल्म, बरं.

पाउच अडकू नये म्हणून बंद कड आधी आत घाला, अगदी सरळ. तरी अडकलाच तर ओढू नका, रिव्हर्सचं बटण किंवा रिलीजचा खटका असतो तो वापरा. रोलरला गोंद लागला असेल तर साधा जाड कागद दोन-तीनदा फिरवा. बाहेर आलेला पाउच गरम असतानाच सपाट जागी जड पुस्तकाखाली ठेवा, वाकत नाही.

कापताना चारी बाजूंनी निदान ३ मिलिमीटर फिल्म सोडा, कागदाला लागून कापलं की कडेतून पाणी शिरतं.

आणि एकुलता एक जुना फोटो असेल तर कृपया तो मशीनमध्ये घालू नका, स्कॅन करून त्याची प्रिंट लॅमिनेट करा, कारण चिकटलेली फिल्म फोटो न फाडता निघत नाही.