चांदी काळी पडली म्हणून लगेच घासू नका

माझं माहेर हुपरीचं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं. आमच्याकडं घरोघरी पैंजणांचं काम चालतं. कुठं तार ओढतात, कुठं डाक लावून सांधे जोडतात, कुठं सोप्यात बसून बायका घुंगरू जोडतात. शाळेतून आल्यावर मीही आईशेजारी बसून घुंगरू जोडलेत. पण चांदी घडवणाऱ्या घरात वाढले तरी ती सांभाळायची कशी, हे मला लग्नानंतर कळलं, आणि तेही एक जुना डाग, म्हणजे दागिना, बिघडवल्यावर.

सासूबाईंनी मला त्यांचे तोडे दिले होते. जाड, भरीव, वर वेलबुट्टी कोरलेली. गौरी यायच्या आदल्या दिवशी ते काळे दिसले म्हणून मी टूथपेस्ट लावून ब्रशनं घासले. लख्ख झाले. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच केलं. तिसऱ्या वर्षी पाहते तर वेलीची पानं बोटाला लागेनात. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बोट फिरवत राहिल्या. माहेरी गेले तेव्हा आप्पांना दाखवले. ते म्हणाले, "तू काळं नाही काढलंस बाळ, चांदी काढलीस."

हे नीट समजून घेतलं की पुढची निम्मी काळजी आपोआप घेतली जाते. चांदीवरचा काळेपणा म्हणजे बाहेरून बसलेली धूळ नव्हे. हवेतल्या, घामातल्या, खाण्यातल्या गंधकाशी चांदीचा संयोग होतो आणि तिचाच वरचा पातळ थर काळा होतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळा. घासून काढलं की तो थर जातो, आणि त्याच्यासोबत त्यातली चांदीही जाते. दर वेळी थोडी, पण नक्षीच्या उंचवट्यांवरून सगळ्यांत आधी.

"अंगात उष्णता आहे म्हणून चांदी काळी पडते" असं आमच्याकडंही म्हणतात. उष्णतेचा संबंध नाही. घाम जास्त येणाऱ्याच्या अंगावर चांदी लवकर काळवंडते, एवढं खरं. आणि काळी पडली म्हणजे सराफानं फसवलं, असंही नाही. शुद्ध चांदीसुद्धा काळी पडते. ९२५ शिक्क्याच्या दागिन्यात हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुधा तांबं असतं, कारण नुसती चांदी मऊ पडते. टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, कमी असेल तर तांब्यामुळं काळेपणा आणखी लवकर धरतो.

साफ करायला बसण्याआधी सगळे दागिने पांढऱ्या कापडावर मांडा आणि वेगळे करा. ही पायरी कुणी करत नाही आणि नुकसान इथंच होतं.

एका बाजूला साधे, बिनखड्यांचे चांदीचे डाग: पैंजण, जोडवी, वाळे, साखळ्या, छल्ले. दुसऱ्या बाजूला मोती, पोवळं किंवा चिकटवलेले खडे असलेले. तिसरा ढीग मुद्दाम काळे केलेल्या दागिन्यांचा, ज्यांना आपण ऑक्सिडाइज्ड म्हणतो. त्यातला खोलगट भागातला काळेपणा कारागिरानं नक्षी उठून दिसावी म्हणून केलेला असतो, तो काढायचा नाही. बाजारात स्वस्त मिळणारे असे पुष्कळ दागिने जर्मन सिल्व्हरचे असतात. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण, त्यात चांदी नसतेच. मुलाम्याचे दागिनेही वेगळे ठेवा, घासले तर खालचं पितळ वर येतं. आणि हल्लीच्या काही अंगठ्यांवर रोडियमचा थर असतो. त्या आरशासारख्या चमकतात आणि काळ्या पडत नाहीत. त्यांना साबणाचं पाणी पुरे.

पहिली धुणी सगळ्यांनाच एक. रोज पायात असणाऱ्या पैंजणांवर जे काळं दिसतं, त्यातलं बरंचसं साबण, घाम आणि धूळ यांचं किटण असतं. माझ्या आईची पद्धत रिठ्यांची. पाच-सहा रिठे फोडून, बिया काढून रात्रभर भिजत घालायचे, सकाळी त्याच पाण्यात उकळून, कुस्करून गाळायचे. ते पाणी कोमट झालं की दागिने त्यात पंधरा मिनिटं ठेवायचे आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशनं कड्यांच्या सांध्यातून हळूच फिरवायचं. फेस डोळ्यात जाऊ देऊ नका, फार झोंबतो. रिठे नसतील तर भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब कोमट पाण्यात घाला. मोत्याचे आणि चिकटवलेल्या खड्यांचे दागिने मात्र बुडवायचेच नाहीत. ओल्या मऊ कापडानं चांदीचा भाग तेवढा पुसायचा. मला विचाराल तर दहातले सहा पैंजण एवढ्यावरच स्वच्छ होतात.

बाळाचे वाळे, बिंदल्या, तोरड्या यांना याच्यापुढं काहीच करू नका. ते तोंडात जातात. बाजारातलं कुठलंही पॉलिश त्यांना लावायचं नाही, मग ते कितीही चमकू देत.

धुऊनही काळेपणा राहिला तर तो गंधकाचा. त्याला फॉइलची रीत. काचेचं किंवा स्टीलचं पसरट भांडं घ्या आणि तळाला पोळ्या गुंडाळायचा अॅल्युमिनियम फॉइलचा कागद अंथरा. त्यावर दागिने असे ठेवा की प्रत्येकाचा फॉइलला स्पर्श होईल. एक लिटर कडकडीत गरम पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा आणि एक चमचा मीठ विरघळवून ते वर ओता. बारीक बुडबुडे येतील, किंचित कुजक्या अंड्यासारखा वास येईल. खिडकी उघडी ठेवा. दोन ते पाच मिनिटांत काळेपणा उतरतो आणि फॉइल काळपट पडतो. चिमट्यानं दागिना उलटा, दुसरी बाजूही टेकू द्या.

ही रीत मला आवडते ती तिच्या कारणासाठी. इथं घासणं नाही. अॅल्युमिनियम त्या काळ्या थरातलं गंधक ओढून घेतं आणि चांदी पुन्हा चांदी होऊन जागेवरच राहते. फक्त ती थोडी निस्तेज पांढरी दिसते, म्हणून शेवटी मऊ सुती कापडानं पुसून चमक आणावी लागते. जुन्या धुतलेल्या धोतराचा किंवा मलमलचा तुकडा सगळ्यांत चांगला. तारेच्या दिशेनं लांब लांब पुसा, गोल गोल रगडू नका. मोती, पोवळं, चिकटवलेले खडे, ऑक्सिडाइज्ड आणि मुलाम्याचे दागिने या पाण्यात कधीही टाकू नका.

नंतर साध्या पाण्यानं दोनदा धुवा. मीठ मागं राहिलं तर चांदीला ते मानवत नाही. आणि घुंगरू! घुंगरांच्या पोटात पाणी अडकतं. वरून कोरडे दिसणारे पैंजण डबीत ठेवले की आठवड्यानं उघडल्यावर प्रत्येक घुंगराच्या फटीपाशी काळा ओघळ दिसतो. आमच्याकडं पैंजण धरून जोरात झटकतात, मग कापडावर पसरून पंख्याखाली पाच-सहा तास ठेवतात. घुंगरू हलवून ऐका. आतला खडा खणखणीत वाजला की वाळलं, दबका वाजला की अजून ओलं.

टूथपेस्ट, रांगोळी, राख, भांडी घासायची पावडर आणि तारेची घासणी यांपैकी काहीही चांदीला लावू नका. यांतले कण चांदीपेक्षा कठीण असतात आणि बारीक ओरखडे पाडतात. त्या ओरखड्यांत पुढचा काळेपणा आणखी घट्ट बसतो. चिंच तांब्या-पितळेच्या देवांना ठेवा, चांदीवरच्या गंधकाला ती हलवत नाही. कपड्यांच्या ब्लीचचं पाणी तर चांदीजवळ नेऊही नका. बाथरूम धुताना जोडवी पायात असतात, हे आपण हमखास विसरतो.

काळेपणा मुळात कमी यावा म्हणून मी काही गोष्टी कटाक्षानं पाळते. उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करताना अंगठी आधी काढून ठेवते, कारण कांद्या-लसणात आणि अंड्यात गंधकाचा अंश असतो. एकदा दापोलीजवळच्या उन्हवऱ्याच्या गरम कुंडात मी पैंजणांसह पाय सोडून बसले होते. गंधकाचं पाणी ते. उठले तेव्हा पैंजण काळेठिक्कर. अत्तर, तेल, पावडर सगळं लावून झालं की मग दागिना घालावा आणि घरी आल्यावर कोरड्या कापडानं पुसावा. आणि चांदी वापरा. रोज अंगावर असलेली साखळी कपाटातल्या साखळीपेक्षा उजळ राहते, कारण ती सतत कपड्यावर पुसली जाते.

ठेवताना हवा आणि ओल दोन्ही तोडायचं. प्रत्येक डाग वेगळ्या मलमलच्या तुकड्यात किंवा सराफाकडच्या गुलाबी कागदात गुंडाळून, हवा काढलेल्या झिपच्या पिशवीत ठेवा आणि सोबत सिलिका जेलची पुडी किंवा फळ्यावर लिहायचा खडू. रबरबँड लावू नका, लोकरीच्या कापडातही ठेवू नका. दोन्हींत गंधक असतं. रबरबँडची काळी रेघ चांदीवर अशी उमटते की नंतर फॉइलनंही लवकर जात नाही.

एवढं करूनही नक्षीतला काळेपणा गेला नाही किंवा डाक सुटलेला दिसला, तर सराफाकडं उजळायला द्या. दारावर "दागिने पॉलिश करून देतो" म्हणत येणाऱ्यांच्या हाती मात्र काहीच द्यायचं नाही. सराफाकडं दिलेला डाग तुमच्यासमोर तोलायला सांगा, वजन चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि परत घेताना पुन्हा तोलून ते त्याच चिठ्ठीवर खाली लिहून घ्या.