हिरवा क्वार्ट्झ ओळखताना आणि त्याला नाव देताना या चुका टाळा

हिरव्या क्वार्ट्झची नावे चुकतात ती बहुधा एकाच कारणाने: रंग पाहिला की लगेच नाव ठरवले जाते. खरा क्रम उलटा आहे. खडा मुळात क्वार्ट्झ आहे का, तो एकसंध स्फटिक आहे की सूक्ष्म कणांचा समुच्चय, हिरवेपणा कशामुळे आला, तो नैसर्गिक आहे की दिलेला, हे आधी ठरवायचे. नाव त्यानंतर.

क्वार्ट्झ आहे असे गृहीत धरणे

'काचेवर ओरखडा पडला, म्हणजे क्वार्ट्झ' ही चाचणी अर्धवट आहे. १ ते १० च्या मोह्स मापावर काचेची कठिनता सुमारे ५.५, क्वार्ट्झची ७. पण ६ ते ६.५ कठिनतेचा नेफ्राइट जेडही काच ओरखडतो. या चाचणीने फक्त मऊ खनिजे बाजूला पडतात: फ्लोराइट (४), हिरवा अपोफिलाइट (४.५ ते ५) आणि बहुतेक सर्पेंटाइन. ओरखडा दिसला की तो ओल्या बोटाने पुसून पाहा. पुसला गेला तर ती खड्याचीच भुकटी होती. आणि काचेवर खडा घासा. पॉलिश केलेल्या खड्यावर टोकदार वस्तू कधीच घासू नका.

विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खडा तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे ते, जास्त भरवशाचे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, पाण्याचा ग्लास आणि बारीक दोरा पुरतो. कोरड्या खड्याचे वजन घ्या. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि खडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लटकता धरा. आता दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. खडा १०.६० ग्रॅमचा आणि आकडा ४.०० असेल, तर उत्तर २.६५, म्हणजे क्वार्ट्झ. कॅल्सेडोनी (सूक्ष्म कणांचा क्वार्ट्झ) साधारण २.५८ ते २.६४ येते, अपोफिलाइट २.३ ते २.४, नेफ्राइट सुमारे २.९५, फ्लोराइट ३.१८, जेडाइट ३.३४.

इथे तीन गोष्टी बिघडतात. खडा तळाला टेकला, तर काटा त्याचे वजनच दाखवू लागतो. हवेचे बुडबुडे चिकटले, तर उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते. भोक पाडलेल्या मण्यांत हे हमखास होते, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाका. तिसरे म्हणजे खडा फार लहान असणे. १ ग्रॅमच्या क्वार्ट्झसाठी काटा ०.३८ दाखवेल, त्यात ०.०१ चा फरक पडला तरी उत्तर २.५६ ते २.७० मध्ये कुठेही जाते. ५ ग्रॅमपेक्षा हलक्या खड्यावर या काट्याने निकाल देऊ नये. काच आणि काही सर्पेंटाइन मात्र क्वार्ट्झच्या जवळचाच आकडा देऊ शकतात, तेव्हा पुढची पायरी लागतेच.

आतली रचना न पाहणे

एलसीडी स्क्रीनचा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेत होतात. स्क्रीन पांढरी करा, त्यासमोर ध्रुवण फिल्टर (पोलरायझर) धरा आणि स्क्रीन काळी दिसेपर्यंत तो फिरवा. आता मध्ये खडा धरून तो पूर्ण गोल फिरवा. एकसंध स्फटिक चार वेळा उजळतो आणि चार वेळा काळवंडतो. कॅल्सेडोनी किंवा क्वार्ट्झाइट (क्वार्ट्झच्या कणांचा खडक) यांसारखा समुच्चय सतत उजळ राहतो. काच काळीच राहते, फार तर तिच्यात वेड्यावाकड्या सावल्या दिसतात. स्फटिकाच्या प्रकाशीय अक्षाच्या दिशेने (ज्या दिशेत प्रकाश दोन किरणांत विभागला जात नाही) पाहत असाल तर हा फरक दिसत नाही, म्हणून खडा निदान तीन दिशांनी तपासा. अपारदर्शक खड्यावर ही चाचणी चालत नाही.

'हिरवा ॲमेथिस्ट' म्हणणे

ॲमेथिस्ट म्हणजे जांभळा क्वार्ट्झ, त्यामुळे हिरवा ॲमेथिस्ट असू शकत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या २०१८ च्या सुधारित मार्गदर्शक नियमांत हे नाव दिशाभूल करणाऱ्या नावाचे उदाहरण म्हणून दिले आहे. योग्य नाव प्रॅसिओलाइट. ब्राझीलमधील माँतेझुमा येथील ॲमेथिस्ट तापवला की तो फिकट हिरवा होतो. बहुतेक ठिकाणचा ॲमेथिस्ट तापवल्यावर पिवळा किंवा तपकिरी होतो. नैसर्गिक प्रॅसिओलाइट पोलंडच्या लोअर सायलेशियात सापडतो, पण तो विरळा. म्हणून 'नैसर्गिक' हा शब्द पुराव्याशिवाय लावू नका.

बाजारातला बराच हिरवा पारदर्शक क्वार्ट्झ तापवलेला नसून किरणोत्सर्गाचा मारा करून हिरवा केलेला असतो. चेल्सी फिल्टरमधून (फक्त गडद लाल आणि पिवळसर हिरवा प्रकाश जाऊ देणारा रंगीत फिल्टर) तो लालसर दिसतो, तर लोहामुळे हिरवा झालेला प्रॅसिओलाइट हिरवाच राहतो. फिल्टर वापरताना जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा घ्या. अनेक एलईडी दिव्यांत गडद लाल प्रकाश फारच कमी असतो, त्यामुळे लाल दिसायला हवा तो खडाही हिरवा भासतो.

प्रत्येक हिरव्या कॅल्सेडोनीला क्रिसोप्रेज म्हणणे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. क्रिसोप्रेजचा सफरचंदी हिरवा रंग निकेलच्या सूक्ष्म संयुगांमुळे येतो. पोलंडमधले श्क्लारी आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधले मार्लबरो ही त्याची नावाजलेली ठिकाणे. फिल्टरखाली तो हिरवा राहतो. क्रोमियमच्या क्षारांनी रंगवलेली कॅल्सेडोनी बहुधा लालसर दिसते. पण लाल दिसले म्हणून लगेच 'रंगवलेला' असा शिक्का मारू नका: झिंबाब्वेची म्टोरोलाइट ही नैसर्गिक क्रोम कॅल्सेडोनीही लालसर दिसते. तिच्यात १० पट भिंगाखाली क्रोमाइटचे बारीक काळे ठिपके सापडतात.

रंगवलेल्या खड्यात मागून प्रकाश टाकला की अनेकदा पट्टे दिसतात, भेगांत आणि मण्याच्या भोकाभोवती रंग साचलेला असतो. ॲसिटोनच्या बोळ्याला रंग लागला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. तो बोळा फक्त सेंद्रिय रंग पकडतो; क्रोमियमचा रंग कॅल्सेडोनीत पक्का बसलेला असतो. निकेलच्या क्षारांनी रंगवलेला खडा तर फिल्टरलाही चकवतो, तिथे प्रयोगशाळाच हवी.

'हिरवा ओनिक्स' या नावाखाली रंगवलेली कॅल्सेडोनीही विकली जाते आणि हिरवा कॅल्साइटही. कॅल्साइट ३ कठिनतेचा असतो आणि त्यावर आम्लाचा थेंब फसफसतो. 'लेमन क्रिसोप्रेज' हा बहुतेक वेळा निकेलयुक्त मॅग्नेसाइट असतो, क्वार्ट्झपेक्षा बराच मऊ. खऱ्या क्रिसोप्रेजचा रंगही ऊन आणि उष्णतेने फिका पडू शकतो, म्हणून तो खिडकीत ठेवू नका.

चमचम दिसली की ॲव्हेंच्युरीन

हिरवा ॲव्हेंच्युरीन म्हणजे क्वार्ट्झाइट, आणि त्यातली चमचम फुक्साइट या क्रोमियमयुक्त अभ्रकाच्या पापुद्र्यांची. भिंगाखाली पापुद्रे वेडेवाकडे, कमीजास्त दाट दिसतात. चमक सगळीकडे अगदी सारखी आणि सोबत गोल बुडबुडे असतील, तर ती काच. 'इंडियन जेड' हे हिरव्या ॲव्हेंच्युरीनचे व्यापारी नाव लेबलवर नको. तो जेड नाही.

उरलेली नावे सोपी आहेत. गडद हिरव्या कॅल्सेडोनीत लाल ठिपके असतील तर ब्लडस्टोन, नसतील तर प्लाझ्मा. ॲक्टिनोलाइट किंवा हेडनबर्गाइटच्या सुयांनी हिरवा झालेला तो प्रेज. ग्रीसच्या सेरिफोस बेटावरचे असे स्फटिक संग्राहकांना प्रिय आहेत. मॉस ॲगेटमध्ये पट्टे नसतात, त्यामुळे काटेकोरपणे तो ॲगेट नाही, पण नाव इतके रुळले आहे की ते वापरायला हरकत नाही.

रंगाचे कारण ठरत नसेल तर लेबलवर 'हिरवी कॅल्सेडोनी' किंवा 'हिरवा क्वार्ट्झ' एवढेच लिहा. त्याखाली केलेल्या चाचण्या आणि त्यांचे आकडे, मग ठिकाण, आणि ते प्रत्यक्ष खात्रीचे आहे की विक्रेत्याने सांगितलेले, हेही नोंदवा.