चोवीस तासांची प्रार्थना-साखळी कशी चालवावी

आमच्या नगरच्या मंडळीत महिन्यातून एकदा, शुक्रवारी संध्याकाळी सहापासून शनिवारी सहापर्यंत, प्रार्थना-साखळी चालते, म्हणजे एकामागून एक तास वाटून घेऊन कुणी ना कुणी आपापल्या ठिकाणी प्रार्थना करत असतं. कुणाचा कोणता तास, ती यादी माझ्याकडे असते. इतर मंडळ्यांतल्या बहिणी विचारतात, "ताई, रात्री दोनला लोक उठतात कसे?" म्हणून सगळं एकदाच लिहिते.

पद्धत मोरावियन बंधूंची, म्हणजे मोरावियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातून) आलेल्या एका प्रोटेस्टंट पंथाची. मोरावियातल्या धर्मछळातून निसटलेल्या कुटुंबांना काउंट झिन्झेंडॉर्फ यांनी जर्मनीतल्या सॅक्सनीत आपल्या जमिनीवर आसरा दिला आणि १७२२ मध्ये हेर्नहूट हे गाव वसलं. पाच वर्षांत तिथे वेगवेगळ्या पंथांचे लोक जमले आणि भांडणं विकोपाला गेली. झिन्झेंडॉर्फ घरोघर जाऊन बोलले. १२ मे १७२७ रोजी लोकांनी बंधुभावाच्या करारावर सह्या केल्या, १३ ऑगस्टला शेजारच्या बेर्टेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेतलं. साखळी सुरू झाली ती त्यानंतर, ऑगस्टच्या अखेरीस. ती शंभर वर्षांहून अधिक चालली.

हा क्रम उलटा करू नका. आधी समेट, मग यादी. कमिटीच्या निवडणुकीवरून दोन घरं बोलत नसतील तर त्यांची नावं लागोपाठच्या तासांना लिहून काही साधत नाही. पाळकसाहेबांना सोबत घ्या, त्या घरी जा, चहा घ्या, ऐका. यात दोन-तीन महिने गेले तरी जाऊ द्या. घाईने सुरू केलेली साखळी पहिल्या उन्हाळ्यातच तुटते, असं माझं ठाम मत आहे.

हेर्नहूटमध्ये चोवीस पुरुष आणि चोवीस स्त्रियांनी तास वाटून घेतले, तेही चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठ्याच टाका. मर्जीवर सोडलं की सकाळचे तास भराभर जातात आणि पहाटेचे दोन-तीन नेहमी त्याच गरीब, भिडस्त माणसांच्या गळ्यात पडतात. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या घाला, लहान मुलाला काढायला लावा. मंडळीच्या पंचांना तीनचा तास आला तर तीनचाच. आजारी, लेकुरवाळ्या आणि पहाटेच्या पाळीला जाणाऱ्यांसाठी दिवसाच्या तासांचा वेगळा डबा ठेवा. म्हातारी माणसं मात्र या डब्यात आपणहून ढकलू नका. त्यांची झोप तशीही चारला उघडते आणि तो तास ती मनापासून मागतात. दर तासाला दोन नावं ठेवा. लोक कमी असतील तर परदेशातल्या नातेवाइकांना सांगा. आपली रात्र म्हणजे अमेरिकेतला दिवस. न्यू जर्सीतली माझी भाची आनंदाने तास घेते.

तासभर काय करायचं, हा नवख्यांचा खरा प्रश्न. आधी एक स्तोत्र मोठ्याने वाचा, मग स्वतःची पापं कबूल करा, मग विनंत्यांची वही घ्या. उरलेला वेळ गाणं किंवा नुसतं शांत बसणं. दिवा लावा, पाठ टेकू नका, फोन दूर ठेवा. तास संपला की पुढच्याला फोन करा, आणि त्याचा आवाज ऐकल्याशिवाय उठू नका. मेसेजवर भिस्त ठेवू नका, झोपलेल्या माणसाला तो दिसत नाही.

वहीबद्दल जरा कडक राहा. हेर्नहूटचे प्रार्थना करणारे आठवड्यातून एकदा जमत आणि ठिकठिकाणच्या बांधवांची पत्रं, बातम्या ऐकत. आम्हीही गुरुवारी जमून विनंत्या वाचतो, प्रत्येक जण आपापल्या वहीत उतरवून घेतो. "मुलाच्या नोकरीसाठी" एवढं पुरे. कुणाचा आजार, कुणाच्या घरातलं दारूचं दुःख नावासकट लिहू नका, आणि पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. विश्वास एकदा गेला की लोक विनंत्या देणंच बंद करतात. उत्तर मिळालं की तारीख घालून समोर लिहा.

शेवटच्या तासाला सगळ्यांना मंडळीच्या देवळात बोलवा आणि प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून घ्यायचं साधं खाणं, ठेवा. १३ ऑगस्टच्या त्या उपासनेनंतर लोकांना पांगवेना, तेव्हा झिन्झेंडॉर्फ यांनी आपल्या घरून त्यांच्यासाठी जेवण पाठवलं. मोरावियन मंडळ्यांत ही चाल आजही आहे. आपल्याला चहा आणि गोड पाव बस होतो. खर्च वर्गणीतून करा, एकाच श्रीमंत घरावर टाकू नका. पंगतीत यादी धरून बसवू नका, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे बसू द्या. तिथेच पुढच्या महिन्याची तारीख ठरवा आणि चिठ्ठ्यांचा डबा फिरवा.