पीक डिस्ट्रिक्टला ग्रॅव्हल बाईक नेताय? आधी बाणाचा रंग बघा

इंग्लंडात पीक डिस्ट्रिक्टसारख्या डोंगराळ भागात ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर चालणारी जाड टायरची सायकल, घालायच्या आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, दिसली पायवाट की घुसलो असं तिथे चालत नाही. गेटच्या खांबावर छोटा बाण असतो, पिवळा असेल तर फुटपाथ म्हणजे फक्त चालणाऱ्यांचा, निळा असेल तर ब्रायडलवे म्हणजे घोड्यांचीही वाट, तिथे 1968 च्या कायद्यापासून सायकल चालते पण घोडेवाले आणि चालणारे आधी, आपण नंतर. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेच्या 1:25,000 नकाशात दोन्ही हिरव्याच तुटक रेघा, बारीक तुकडे म्हणजे फुटपाथ, लांब तुकडे म्हणजे ब्रायडलवे. मी एकदा मोबाईलवर घाईघाईत बघितलं आणि मग अर्धा तास सायकल खांद्यावर टाकून दगडी कुंपणं ओलांडत बसलो, हौस फिटली!

पहिल्यांदाच जात असाल तर टिसिंग्टन ट्रेल धरा, जुनी रेल्वेलाईन आहे, अ‍ॅशबर्न ते ‘पार्सली हे’ (Parsley Hay), साधारण 21 किमी. चढ आहे पण रेल्वेचा, त्यामुळे जाणवत नाही फारसा. पुढे तिथेच हाय पीक ट्रेल येऊन मिळतो, तोही रेल्वेचाच. खरा घाम बाजूच्या ब्रायडलवेवर निघतो. 40 मिमी रुंदीचं टायर पुरतं, पण पाऊस पडून गेला की तिकडचा चुनखडीचा दगड साबणासारखा होतो, उतारावर पुढचा ब्रेक जपून दाबा. आणि बंद गेट उघडलंत तर परत लावा हं, आत मेंढ्या असतात.