कौन्सिलच्या घराचं भाडं थकतंय? या चुका टाळा

इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या (स्थानिक नगरपालिकेच्या) घराचं भाडं बहुधा आठवड्यावर असतं. दर सोमवारी ते खात्यावर चढतं आणि आगाऊ भरायचं असतं. पगार किंवा युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारी सरकारी मदत) मात्र महिन्याला येतं, आणि पहिली चूक इथेच होते: आठवड्याच्या भाड्याला चारने गुणलं जातं.

भाडं ११० पौंड आहे असं धरा. चार आठवड्यांचे ४४० म्हणून तेवढ्याची स्टँडिंग ऑर्डर (बँकेतून दरमहा आपोआप जाणारी ठरलेली रक्कम) लावली. पण वर्षात आठवडे ५२, त्यामुळे महिन्याचा खरा हप्ता ११० गुणिले ५२ भागिले १२, म्हणजे ४७६ पौंड ६७ पेन्स. एकही हप्ता न चुकवता वर्षाला ४४० पौंड थकतात. काही कौन्सिल वर्षाचं भाडं ४८ किंवा ५० आठवड्यांतच घेतात, तेव्हा भाडेवाढीचं पत्र समोर ठेवूनच हिशेब करा. आणि बाकी असेल, तर बिनभाड्याच्या आठवड्यांतही भरत राहा.

एप्रिलमध्ये भाडं वाढतं, पण स्टँडिंग ऑर्डर आपोआप वाढत नाही. ती बँकेत तुम्हालाच बदलावी लागते. युनिव्हर्सल क्रेडिट घेत असाल तर नवीन भाडं ऑनलाइन खात्यातही कळवावं लागतं. ते लागू होण्याआधी कळवू नका आणि लागू झाल्यावर रेंगाळू नका. चालू असेसमेंट पिरियड (मदत मोजण्याचा एक महिना) उलटला, तर मधला फरक सहसा बुडतो.

आपल्याकडे मोठी मुलं आणि आईवडील एकाच घरात राहतात, म्हणून एक नियम नीट लक्षात ठेवा. २१ किंवा त्याहून जास्त वयाचं मूल किंवा नातेवाईक घरात असेल, तर घरभाड्याच्या मदतीतून कपात होऊ शकते. तेवढा वाटा त्यांच्याकडून दरमहा घ्या. एक बेडरूम जास्तीची ठरली तर मदतीत धरलं जाणारं भाडं १४ टक्क्यांनी कमी होतं, दोन किंवा अधिक ठरल्या तर २५ टक्क्यांनी.

युनिव्हर्सल क्रेडिटच्या नव्या अर्जाचे पहिले पैसे यायला साधारण पाच आठवडे लागतात. मधल्या काळात मिळणारी आगाऊ रक्कम कर्जाऊ असते आणि ती पुढच्या हप्त्यांतून कापली जाते. घराला खरोखर लागेल तेवढीच मागा.

बाकी चढलीच तर

सगळ्यात महाग पडते ती लाज. पत्रं न उघडता ड्रॉवरमध्ये जातात आणि आकडा वाढत राहतो. कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसरला ईमेल करा: चालू भाडं पूर्ण भरतो, जुन्या बाकीपोटी आठवड्याला पाच पौंड देतो, सोबत जमाखर्च जोडला आहे. झेपेल तेवढाच आकडा लिहा. भीतीपोटी पन्नास कबूल करून दुसऱ्याच महिन्यात चुकलात, तर तो करार मोडल्याची नोंद होते. कोर्टात जाण्याआधी कौन्सिलने तुमच्याशी बोलून परवडणारा मार्ग शोधणं अपेक्षित आहे. तुमचा लेखी प्रस्ताव तिथे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

कौन्सिलच्या तातडीच्या मदतनिधीबद्दलही त्याच ईमेलमध्ये विचारा. कर्जं अनेक असतील तर कर्ज सल्लागारामार्फत ‘ब्रीदिंग स्पेस’चे (कर्जवसुली तात्पुरती थांबण्याचे) ६० दिवस मिळू शकतात. पण त्या काळात चालू भाडं भरावंच लागतं. इथे पुष्कळ जण फसतात, कारण ‘सवलत मिळाली’ म्हणून भाडंच थांबवतात.

घराचा ताबा मागणारी नोटीस आली म्हणजे लगेच घर गेलं असं नाही. त्या दिवसापासून ‘हाउसिंग लॉस प्रिव्हेन्शन ॲडव्हाइस सर्व्हिस’ खाली मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, उत्पन्न कितीही असो. सिक्युअर टेनन्सी (पक्का भाडेकरार) असेल तर घर काढून घेणं वाजवी आहे का, हे न्यायाधीशाला पाहावं लागतं. म्हणून सुनावणीला जाच. जाताना भाड्याचं स्टेटमेंट, पे-स्लिप आणि पाठवलेले ईमेल न्या. पहिल्या वर्षाची इंट्रोडक्टरी टेनन्सी (चाचणीपुरता भाडेकरार) असेल तर संरक्षण फार कमी असतं. नोटीस मिळाल्यापासून १४ दिवसांत फेरविचाराची मागणी करा.

बेलिफची (घर रिकामं करून घेणाऱ्या कोर्टाच्या अधिकाऱ्याची) तारीख आली तरी एन२४४ फॉर्म भरून कोर्टाकडे स्थगिती मागता येते. उत्पन्न कमी असेल तर त्याच्या फीमध्ये सवलत मागा. आणि सल्ला घेतल्याशिवाय चाव्या परत करू नका. स्वतःहून घर सोडलं, तर कौन्सिल तुम्हाला ‘जाणूनबुजून बेघर’ ठरवून दुसरं घर देण्याची जबाबदारी नाकारू शकते.