मुद्रितशोधनाची पहिली वर्षे आणि सुट्टीतले वाचन

मराठी विषय घेऊन एम. ए. झाल्यावर मी पुण्यात मुद्रितशोधनाचे, म्हणजे छपाईपूर्वीची प्रुफे तपासण्याचे, काम करू लागले, तेव्हा ज्या वाचनापायी लहानपणी आईची बोलणी खाल्ली तेच आता पोटापाण्याचे साधन होणार, अशी माझी समजूत होती. या कामाला आता चौदा वर्षे झाली. ती समजूत निम्मीच खरी ठरली, आणि उरलेल्या निम्म्याविषयी या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना आधी कोणी काही सांगत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

पहिल्या दिवशी माझ्या हाती एका कादंबरीचा १६ पानांचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा, आला. मी तो दोन तास मन लावून वाचला, आठ-नऊ चुकांवर खुणा केल्या आणि अभिमानाने परत दिला. तिथे अनेक वर्षे मुद्रिते तपासणारे एक वयस्कर गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी त्याच पानांवर आणखी सतरा चुका काढल्या आणि चष्मा पुसत एवढेच म्हणाले, “अगं, तू गोष्ट वाचत बसलीस. गोष्ट मला सांग हवं तर, पण पगार अक्षरं बघण्याचा आहे.” त्या वेळी मला राग आला होता. पुढे कळले की, या धंद्यात नव्या माणसाने शिकायची पहिली गोष्ट तीच आहे. भराभर वाचणाऱ्याचा डोळा शब्दाचा आकार पाहून पुढे सरकतो, राहिलेले अक्षर मनाने भरून काढतो आणि चुकीची वेलांटी बरोबर असल्यासारखी वाचतो. म्हणजे ज्याला वाचनाचा सराव अधिक, तो सुरुवातीला मुद्रितशोधक म्हणून कच्चा निघण्याचा संभव अधिक.

यावर उपाय आहेत, आणि ते सगळे काहीसे बाळबोध आहेत. ओळीखाली पट्टी धरावी, म्हणजे डोळा पुढच्या ओळीवर उडी मारत नाही. मजकूर अवघड असेल तर ओठ हलवून, तोंडातल्या तोंडात वाचावा. पूर्वी जोडीने काम चाले, एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने मुद्रित पाहायचे, त्याचेच हे एकट्याने करायचे रूप. प्रकरणांची शीर्षके, पृष्ठक्रमांक, पानाच्या माथ्यावरची नावे आणि अनुक्रमणिका यांच्यासाठी वेगळी फेरी ठेवावी, कारण मोठ्या टायपातली चूक सर्वांत शेवटी दिसते. मुखपृष्ठावरच्या लेखकाच्या नावात अक्षर राहिले आहे आणि आत साडेतीनशे पाने निर्दोष आहेत, असा प्रसंग माझ्याही वाट्याला आला आहे. त्याची आठवण काढायला मला अजून आवडत नाही.

लेखनाचे नियम मात्र पाठच हवेत. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. हे अठरा नियम छापून घेतले तर भिंतीवर सहज मावतात. नियम थोडे असले तरी त्यांचे अपवाद नवख्याला नाचवतात. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते. पण ‘शरीर’ हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असल्याने त्याचे ‘शरीराला’च राहते. ‘कवी’ची वेलांटी दीर्घ, आणि ‘कविसंमेलना’त शिरताच ती ऱ्हस्व होते. जुने साहित्य छापताना कोणते लेखन मुळाप्रमाणे ठेवायचे, हेही तिथेच सांगितले आहे: केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य मूळ रूपात ठेवावे, त्यांचे आणि त्यांच्यानंतरचे लेखन प्रचलित नियमांनुसार छापावे. हे ठाऊक नसल्यामुळे मी एकदा एका जुन्या बखरीच्या उताऱ्याची मोठ्या उत्साहाने ‘सुधारणा’ केली होती आणि नंतर संपूर्ण फर्मा मुळाबरहुकूम परत आणण्यात दोन रात्री घालवल्या होत्या.

नियमांपलीकडे प्रत्येक प्रकाशनाची स्वतःची रीत असते. ‘सुटी’ लिहायचे की ‘सुट्टी’, यावरून दोन संपादकांमध्ये तासभर वाद झालेला मी ऐकला आहे. (मला ‘सुट्टी’ आवडते. तो द्वित्त ‘ट’ म्हणताना शाळेची घंटा ऐकू येते.) अशा ठिकाणी आपले मत आपल्यापाशी ठेवून, त्या पुस्तकासाठी ठरलेल्या रूपांची एक यादी पहिल्याच दिवशी करावी आणि ती शेवटपर्यंत पाळावी. शब्दाविषयी शंका आली तर मोल्सवर्थचा १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. मी शिकाऊ असताना एका शब्दासाठी ग्रंथालयात सायकल मारत जावे लागे. त्या फेऱ्यांमध्ये इतर शब्द भेटायचे, ते आता भेटत नाहीत, पण ही तक्रार वयाची समजावी.

संगणक आला म्हणून चुका कमी झाल्या असे नाही, त्यांची जात बदलली. जुन्या टंकांतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो आणि ‘ऱ्य’चा साधा ‘र्य’ होतो. एका भटकंतीच्या पुस्तकात सह्याद्रीतल्या सगळ्या दऱ्यांचा अशा रीतीने दर्या झाला होता. शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीला यात काही वावगे दिसत नाही, कारण ‘दर्या’ हाही शब्दच आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ या जोड्यांचेही तसेच. जोवर अशा जोड्या भाषेत आहेत तोवर आपले काम राहील, असे मी नव्या मुलांना हसत हसत सांगते.

मोबदल्याविषयी थोडक्यात: तो पानावर किंवा फर्म्यावर ठरतो, महिन्यावर क्वचितच. पहिले, दुसरे आणि अंतिम मुद्रित यांचा हिशेब वेगळा की एकत्र, आणि मजकूर सुधारायचा आहे की केवळ छपाईच्या चुका काढायच्या आहेत, या दोन गोष्टी काम हातात घेण्यापूर्वी लिहून घ्याव्यात. माझे एका ठिकाणचे पैसे पुस्तक प्रकाशित होऊन दुसरी आवृत्ती निघाली तरी आले नव्हते, आणि दोष माझाच होता. मी संकोचाने काहीच लेखी मागितले नव्हते.

आता वर्षाच्या वेळापत्रकाविषयी, कारण सुट्टीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी लेखक, चित्रकार, मुद्रक व मुद्रितशोधक यांचा पावसाळा कामाला जुंपला गेला. कथा-लेख जूनपासून यायला लागतात, जुलै-ऑगस्टमध्ये जुळणी होते, गणपतीत पहिली मुद्रिते येतात आणि नवरात्रात अंक छपाईला जातात. चौदापैकी बहुतेक वर्षी मी गौरीच्या जेवणाला हाताला लागलेली शाई घासत बसले आहे. ऐन दिवाळीत घरोघरी लोक फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडून बसतात, तेव्हा त्या अंकांतील निम्मे साहित्य आम्हांला अगोदरच नकोसे झालेले असते. आमची दिवाळीची सुट्टी दिवाळी सरल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या आसपास सुरू होते, आणि अशा वेळी शाळा उघडलेल्या असल्यामुळे भाचरे सोबतीला नसतात. नव्याने येणाऱ्यांनी घरच्यांना हे आधी सांगून ठेवावे. मी सांगितले नव्हते आणि पहिल्या वर्षी आई चार दिवस बोलली नाही.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी अशाच उशिराच्या सुट्टीत मी गावी गेले होते. बरोबर एक कादंबरी नेली होती, जी कॉलेजात असताना दोन बैठकींत संपवली असती. अंगणात ऊन घेत बसले, आणि पान अकरावर एक ऱ्हस्व उकार दिसला. तो मनातून जाईना. पुढच्या पानावर स्वल्पविराम जागचा हललेला होता. कथानायिका विहिरीच्या काठावर उभी होती आणि मी ‘विहीर’चे सामान्यरूप तपासत होते. संध्याकाळपर्यंत चाळीस पाने झाली, दहा खुणा झाल्या, आणि गोष्ट कशाची होती ते विचारले असते तर मला सांगता आले नसते. लग्नपत्रिका, हॉटेलातले पदार्थांचे तक्ते, एस.टी.वरच्या सूचना यांतल्या चुका दिसतात तेव्हा हसू येते. पण कादंबरी अशी हातातून निसटली तेव्हा मी घाबरले. काकांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “मी बावीस वर्षं एकही पुस्तक आवडीनं वाचलेलं नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं गं, तुला सांगतोय.”

तेव्हापासून काही पथ्ये पाळत आले आहे. कामाचे वाचन टेबलाशी, सरळ पाठीच्या खुर्चीत, सकाळी आठ ते एक या वेळात, आणि एका बैठकीत तीन फर्म्यांपेक्षा अधिक नाही. त्यापुढे डोळा बघतो पण पाहत नाही. आवडीचे वाचन त्या खोलीत करायचे नाही. ते दिवाणावर, झोपाळ्यावर, गाडीत, कुठेही. पहिली दोन वर्षे मी आवडीसाठी मराठी गद्य वाचायचे बंदच केले आणि कविता व हिंदी कथा वाचल्या. हिंदीच्या मात्रा मला खटकण्याइतक्या ठाऊक नाहीत, त्यामुळे निदान गोष्ट पुढे सरकायची. मग ऐकण्याकडे वळले. ऐकताना वेलांटी दिसत नाही, हे मला फार उशिरा सुचले. महाबळेश्वरजवळच्या भिलारला, जिथे २०१७ सालापासून घराघरांत पुस्तकांची कपाटे मांडलेली आहेत, तिथे तीन दिवस राहून एका अनोळखी ओसरीवर मी पुन्हा एक मराठी कादंबरी सलग संपवली. बाहेर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांना पाणी चालले होते, जेवायला दोनदा हाक आली होती, आणि ती मला ऐकू आली नव्हती.

लेखनाची अडचण याहून चिवट निघाली. मुद्रितशोधकाला स्वतःचे काही लिहावेसे वाटले तर वाक्य पुरे होण्याआधीच त्याच्यावर खूण पडते. मी यावर शोधलेला मार्ग असा की, रोज रात्री पाठकोऱ्या कागदांवर, म्हणजे रद्द झालेल्या मुद्रितांच्या मागच्या बाजूवर, दिवसभरातले काहीही अर्धे पान लिहायचे: भाजीवालीशी झालेले बोलणे, गॅस सिलिंडरची वाट पाहणे, जिन्यात आलेला सांडग्यांचा वास. त्यात खाडाखोड करायची नाही आणि महिनाभर ते पुन्हा वाचायचे नाही. त्या कागदांवर मी ऱ्हस्व-दीर्घाच्या भरपूर चुका केलेल्या आहेत. त्यांतूनच निघालेले दोन लेख पुढे छापून आले, आणि त्यांची मुद्रिते मी दुसऱ्या कोणाला तरी तपासायला लावली.

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर गावी गेले, तेव्हा तालुक्याच्या वाचनालयातून एक जुना कथासंग्रह आणला. त्यातल्या एका कथेत नायक ‘दीन मुद्रेने’ दाराशी उभा होता, आणि माझ्याआधीच्या कोणा दक्ष वाचकाने तो ‘दीन’ पेन्सिलीने खोडून शेजारी ठळक ‘दिन’ केला होता. माझा हात नेहमीच्या सवयीने कानामागे गेला. तिथे पेन्सिल नव्हती. ती मी निघताना मुद्दाम टेबलावर ठेवून आले होते. पान उलटले. पुढच्या पानावर त्या माणसाला घरात घेतले की नाही, ते मला आधी पाहायचे होते.